स्वस्तातला स्पॉटिंग स्कोप घेताना



थंडी सुरू झाली की आपल्या मंडळातल्या काही जणांचे पाय रविवारी पहाटे डभोईच्या रस्त्याला लागतात. बडोद्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवरचा वढवाणा तलाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेला आहे. बडोदा संस्थानने १९१० साली शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव २०२१ मध्ये रामसर यादीत गेला. सयाजीराव महाराजांच्या काळातले हे पाणी आज हिमालयापलीकडून येणाऱ्या पक्ष्यांचेही हिवाळ्याचे घर झाले आहे.

या सहलींनंतर मला हमखास एक प्रश्न विचारला जातो : "काका, तो तीन पायांवरचा मोठा दुर्बिणीसारखा प्रकार केवढ्याला मिळतो? आणि आपल्या खिशाला परवडेल असा कुठला घ्यावा?" दर वेळी फोनवर अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहावे म्हणून हा लेख. मी या विषयातला तज्ज्ञ नाही. आधी एकदा फसलो आणि मग शिकलो, एवढीच माझी पात्रता.

आधी गरज आहे का, ते पाहू

दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. १९८७ पासून हे काम चालू आहे आणि त्यात माझ्या-तुमच्यासारखी हौशी माणसेच मोजदाद करतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गळ्यात ८×४२ ची दुर्बीण होती आणि हातात गणनेचा कागद. काठाजवळचे पक्षी छान ओळखता आले. तलावाच्या मध्यावर मात्र बदकांचा एक मोठा थवा बसला होता. डोकी तांबूस दिसत होती, एवढेच. ती लालसरी, म्हणजे कॉमन पोचार्ड, की मोठी लालसरी, म्हणजे रेड-क्रेस्टेड पोचार्ड, की फेरूजिनस डक? अर्धा तास डोळे ताणले आणि शेवटी कागदावर लिहिले : "बदके, जात ओळखता आली नाही."

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला अशी नोंद फार टोचते. रक्कम आहे, पण कोणत्या खात्यात टाकायची ते माहीत नाही, अशी ती गत. आणि इथे खाते महत्त्वाचे आहे. कॉमन पोचार्ड जगभर कमी होत चालला आहे आणि आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो 'असुरक्षित' गटात आहे. मोठी लालसरी त्या गटात नाही. दोघांना एकाच रकान्यात ढकलले तर त्या गणनेचा उपयोग काय?

नर असतील तर फरक तसा सोपा आहे. मोठ्या लालसरीच्या नराची चोच लालभडक आणि डोके नारिंगी. कॉमन पोचार्डचे डोके विटकरी, चोच काळसर आणि तिच्यावर राखाडी पट्टा, पाठ राखाडी. फेरूजिनस डकचा नर सगळाच गडद तपकिरी, शेपटीखाली पांढरा आणि डोळाही पांढरा. पण पाचशे मीटरवरून चोचीचा रंग आठ पट दुर्बिणीतून दिसत नाही. हिशेब करून पाहा. आठ पट दुर्बिणीतून ४०० मीटरवरचा पक्षी ५० मीटरवर असल्यासारखा दिसतो. तीस पट स्कोपमधून ६०० मीटरवरचा पक्षी २० मीटरवर आल्यासारखा दिसतो. स्कोपचे काम ते हे.

म्हणून माझे पहिले म्हणणे असे : कमाटी बागेतले, सोसायटीतले, शेतातले पक्षी पाहायचे असतील तर स्कोप घेऊ नका. त्यासाठी ८×४२ ची चांगली दुर्बीण पुरे, आणि ती नसेल तर आधी तीच घ्या. स्कोप हा मोकळ्या पाण्यासाठी, चिखलाच्या काठासाठी आणि लांब बसलेल्या पक्ष्यासाठी असतो.

माझी फसगत

त्या गणनेनंतर मी घाईघाईने ऑनलाइन एक एकडोळी दुर्बीण मागवली. किंमत दोन हजारांच्या आत, आणि वर ठळक छापलेले '४०×६०'. चाळीस पट आणि तेही एवढ्या स्वस्तात! दुसरे कोणी दुप्पट व्याजाचे आमिष दाखवले असते तर मी दहा प्रश्न विचारले असते. इथे एकही विचारला नाही.

वस्तू आली तेव्हा पुढच्या काचेवर पट्टी ठेवली. व्यास भरला ४० मिलिमीटर, ६० नाही. मग मागून येणारा प्रकाशाचा ठिपका मोजला, तो भरला ५ मिलिमीटर. चाळीसला पाचने भागले की आठ. म्हणजे चाळीस पट म्हणून विकलेली वस्तू प्रत्यक्षात आठ पट होती. घरातल्या जुन्या दुर्बिणीइतकीच, आणि तीही एकाच डोळ्याची.

ही मोजणी कोणालाही जमेल अशी आहे, म्हणून नीट सांगतो. दिवसा स्कोप किंवा दुर्बीण उजळ आकाशाकडे धरा. सूर्याकडे मात्र चुकूनही नाही. डोळा लावायच्या काचेपासून तुमचा डोळा फूटभर लांब ठेवा. त्या काचेत एक लख्ख गोल ठिपका दिसेल. काचेच्या अगदी जवळ बटर पेपरचा तुकडा धरून तो पुढे-मागे केला की ठिपका कागदावर स्पष्ट उमटतो. त्याचा व्यास पट्टीने मोजा. पुढच्या काचेचा व्यास भागिले ठिपक्याचा व्यास, म्हणजे खरी पट. जाहिरात काहीही म्हणो, हा भागाकार खोटे बोलत नाही.

आकड्यांचा अर्थ

स्कोपवर '२०-६०×६०' असे लिहिलेले असते. पहिले दोन आकडे झूमचे : कमीत कमी २० पट, जास्तीत जास्त ६० पट. शेवटचा आकडा पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुकानदार आणि जाहिरातवाले पहिल्या आकड्यांवर जोर देतात. आपण शेवटचा आकडा आधी पाहायचा.

वर सांगितलेला प्रकाशाचा ठिपका इथे पुन्हा कामाला येतो. ६० मिलिमीटरचा स्कोप २० पटीवर ३ मिलिमीटरचा ठिपका देतो. ३० पटीवर तो २ मिलिमीटर होतो आणि ६० पटीवर फक्त १ मिलिमीटर. भर उजेडात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटर असते. म्हणजे ३० पटीपर्यंत चित्र उजळ राहते. त्यापुढे झूम फिरवाल तसे चित्र मोठे होते, पण काळवंडते आणि धूसर होते. आपल्या वयाच्या मंडळींना आणखी एक अनुभव येईल : ठिपका फार बारीक झाला की स्वतःच्या डोळ्यातले तरंगणारे डाग आणि जाळी बदकापेक्षा जास्त स्पष्ट दिसू लागते!

त्यामुळे स्वस्त स्कोपवर '६० पट' लिहिलेले असले तरी मनाशी तीस ते चाळीसच धरायचे. वरची पट ही भिंतीवरच्या शोभेच्या घड्याळासारखी समजा.

आपल्याकडच्या हवेचाही इथे संबंध आहे. सकाळी नऊ-साडेनऊनंतर पाण्यावर आणि चिखलावर हवा थरथरू लागते. जितकी जास्त पट, तितकी ती थरथर मोठी दिसते. लाखाचा स्कोपही तिच्यापुढे हतबल होतो. म्हणून पैसे जास्त पटीसाठी न मोजता लवकर उठण्याची सवय लावा, ती फुकट आहे.

६० की ८०?

८० मिलिमीटरची काच ६० पेक्षा पावणेदोन पट अधिक प्रकाश घेते. ४० पटीलाही ती २ मिलिमीटरचा ठिपका देते. पहाटे आणि सूर्यास्ताला हा फरक जाणवतो. पण वजनही वाढते. ६० चा स्कोप साधारण किलोभराचा, तर ८० चा दीड-दोन किलोपर्यंत जातो आणि त्याला ट्रायपॉडही जाड लागतो. गाडीतून उतरून टॉवरपर्यंतच जायचे असेल तर ८० घ्या. बांधावरून तास-दोन तास चालायचे असेल तर ६० किंवा ६५ बरा. घरी राहिलेला मोठा स्कोप एकही पक्षी दाखवत नाही.

५० मिलिमीटरचे छोटे स्कोपही मिळतात, साधारण १० ते ३० किंवा १२ ते ३६ पटीचे. प्रवासाला ते उत्तम. ज्यांचे खांदे दुखतात त्यांनी त्यांना कमी लेखू नये.

सरळ की वाकडा?

काही स्कोप नळीसारखे सरळ असतात, काहींचा आयपीस ४५ अंशांत वर वाकलेला असतो. सरळ स्कोपमध्ये पक्षी चटकन सापडतो आणि गाडीच्या खिडकीतून पाहायला तो सोयीचा. पण कुटुंबाने मिळून पाहायचे असेल तर वाकडा घ्या. ट्रायपॉड कमी उंचीवर ठेवता येतो, त्यामुळे तो कमी हलतो. उंच माणूस थोडा वाकून पाहतो आणि नातवंडेही टाचा उंचावून पाहू शकतात. सौ. चे गुडघे बांधावर चढू देत नाहीत. वाकड्या आयपीसमुळे ती घडीच्या खुर्चीत बसून पाहते. तिने खुर्चीतून पहिल्यांदा पट्ट कादंबांच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे पाहिले आणि मला म्हणाली, "इतकी वर्षं तुम्ही नुसतं वर्णनच करत होतात."

वाकड्या स्कोपमध्ये सुरुवातीला पक्षी सापडत नाही, ही तक्रार खरी आहे. त्यावर एक सोपा उपाय आहे. स्कोपच्या नळीभोवती वायर बांधायची प्लॅस्टिकची पट्टी आवळा आणि तिचे टोक वर उभे ठेवून थोडेसे कापा. ते टोक बंदुकीच्या माशीसारखे वापरून स्कोप पक्ष्याकडे रोखायचा. झूम नेहमी सर्वांत कमी पटीवर ठेवून पक्षी शोधायचा आणि मगच वाढवायचे. एक किलोमीटरवर २० पटीला साधारण ३५ मीटर रुंदीचे दृश्य दिसते, ६० पटीला त्याच्या निम्मेच.

माहितीपत्रकातले शब्द

'बीएके-४ प्रिझम' असेल तर चांगले, कडेपर्यंत चित्र उजळ राहते. काचेवरच्या लेपाबद्दल 'फुली मल्टी-कोटेड' असे लिहिलेले पाहा. नुसते 'कोटेड' म्हणजे एखाद-दुसऱ्या काचेलाच लेप असू शकतो. 'ईडी' काच असेल तर पांढऱ्या बगळ्याच्या कडेला दिसणारी जांभळी-हिरवी किनार कमी होते. पण ती काच महाग असते. कमी पैशांत ती नसेल तर हिरमुसू नका, तीस पटीपर्यंत त्यावाचून अडत नाही. 'नायट्रोजन भरलेला, वॉटरप्रूफ' ही गोष्ट मात्र आपल्या पावसाळ्यासाठी महत्त्वाची. आत वाफ धरत नाही आणि बुरशीचा धोका कमी होतो.

चष्मा लावणाऱ्यांनी 'आय रिलीफ' हा आकडा जरूर पाहावा. काचेपासून किती अंतरावर डोळा ठेवून पूर्ण चित्र दिसते, ते त्यात मिलिमीटरमध्ये सांगितलेले असते. चष्म्यासह पाहायचे तर १५ किंवा त्याहून जास्त हवे. कमी असेल तर चित्र किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखे दिसेल. चष्मा नुसता लांबचा किंवा जवळचा असेल तर तो काढून फोकस फिरवला तरी चालते. सिलिंडरचा नंबर जास्त असणाऱ्यांना मात्र चष्मा लागतोच.

पैशांचे गणित

भाव सारखे बदलतात, म्हणून अंदाजच सांगतो. ५० ते ६० मिलिमीटरचे साधे स्कोप पाच ते दहा हजारांत मिळतात. स्वबोनीसारख्या कंपन्यांचे सुरुवातीचे नमुने याच गटातले. सेलेस्ट्रॉनच्या अल्टिमासारख्या ६५ आणि ८० मिलिमीटरच्या स्कोपसाठी वीस-पंचवीस हजार आणि पुढे तयारी ठेवावी. ईडी काच हवी तर आणखी वर. कोवा, स्वारोव्स्की, झाइस यांचे नामांकित स्कोप लाखांच्या घरात जातात. ते उत्तमच असतात, पण आपला आजचा विषय ते नाहीत.

आता महत्त्वाचे : हे सगळे पैसे स्कोपवर घालू नका. हातात असलेल्या रकमेचा निदान तिसरा हिस्सा ट्रायपॉडसाठी बाजूला काढा. पंधरा हजार असतील तर दहाचा स्कोप आणि पाचचा ट्रायपॉड. स्कोपबरोबर फुकट येणारा वीतभर उंचीचा ट्रायपॉड टेबलावर ठेवायला ठीक. मोबाइलसाठीचा हलका ट्रायपॉड तर वाऱ्याच्या झुळुकीने थरथरतो, आणि तीस पटीवर ती थरथर तीस पट होऊन दिसते. चांगल्या ट्रायपॉडवरचा साधा स्कोप हा डळमळत्या ट्रायपॉडवरच्या महाग स्कोपपेक्षा जास्त दाखवतो.

ट्रायपॉड घेताना त्यावर लिहिलेली भारक्षमता स्कोपच्या वजनाच्या किमान दुप्पट हवी. वरचे डोके एका दांड्याने सावकाश फिरणारे घ्या, गोळ्याचे नको. पाय उघडताना वरचे जाड भाग आधी उघडा आणि मधला खांब शक्यतो वर काढू नका. खाली हूक असेल तर त्याला पिशवी लटकवा. आपली पाण्याची बाटली आणि थेपल्यांचा डबा तेवढ्यासाठी पुरेसा होतो.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी

ऑनलाइन घेतलात तर खोके उघडताना मोबाइलवर चित्रण करा आणि परत करण्याची मुदत संपायच्या आत पुढील तपासण्या उरका.

१. वर सांगितल्याप्रमाणे काचेचा आणि ठिपक्याचा व्यास मोजून खरी पट काढा.

२. गच्चीवरून शंभर-दीडशे मीटरवरची दुकानाची पाटी २०, ३० आणि ४० पटीवर वाचा. अक्षरे कुठपर्यंत रेखीव राहतात ते टिपून ठेवा. तीच तुमच्या स्कोपची खरी मर्यादा.

३. आकाशाच्या पार्श्वभूमीवर टाकीची कड किंवा देवळाचा कळस पाहा. रंगीत किनार थोडी असणारच. ती चित्रभर पसरत असेल तर स्कोप परत करा.

४. रात्री एखाद्या ठळक ताऱ्यावर रोखून फोकस थोडा पुढे आणि थोडा मागे फिरवा. ताऱ्याचा गोल दोन्हीकडे गोलच राहिला पाहिजे. एका बाजूला शेपूट फुटत असेल तर आतल्या काचा नीट बसलेल्या नाहीत.

५. फोकस आणि झूमची चाके अडखळतात का, ते पाहा.

जुना स्कोप घेत असाल तर एका टोकातून टॉर्चचा उजेड टाकून दुसऱ्या टोकातून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असला तरी नमस्कार करून परत यावे. परदेशातल्या मुलांकडून मागवणार असाल तर कस्टमचा नियम आणि वॉरंटी भारतात चालते का, हे आधी विचारा.

वापर झाल्यावर काच सदऱ्याच्या टोकाने पुसायची नाही. आधी ब्लोअरने धूळ उडवायची, मग मऊ कापड. पावसाळ्यात स्कोप कापडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. आणि मुलांना पहिल्या दिवशी बजावा : यातून सूर्याकडे पाहायचे नाही, क्षणभरही नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

एक सूचना

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, वर्षातून चार वेळा वापरायच्या वस्तूसाठी एवढा खर्च कशाला? त्याला माझे उत्तर असे की एकट्याने करूच नका. दहा कुटुंबांनी अडीच-अडीच हजार काढले तर पंचवीस हजार होतात. त्यात ट्रायपॉडसह एक चांगला वाकडा स्कोप बसतो. एक वही, नेणाऱ्याची आणि परत करणाऱ्याची सही, आणि सांभाळायला एक चोख माणूस. आपल्या मंडळाने सतरंज्या आणि मोठी पातेली इतकी वर्षे अशीच सांभाळली आहेत. एक स्कोप जड जाणार नाही.

स्कोपचा आणखी एक फायदा असा की आपण लांब राहतो. पट्ट कादंब हिमालय ओलांडून इथे येतात. फोटोसाठी कोणी जवळ गेला की थवा उठतो आणि त्यांची चरण्याची वेळ वाया जाते. बांधावरून पाहणाऱ्याला काही कमी दिसत नाही आणि पक्ष्यांना उठावे लागत नाही.

नंतरच्या जानेवारीत मी ६५ मिलिमीटरचा स्कोप घेऊन त्याच ठिकाणी उभा राहिलो. सूर्य पाठीशी होता आणि आठ वाजायचे होते. मधला थवा तीस पटीवर आणला आणि चोची दिसल्या. बहुतेक लाल होत्या, पण एका कडेला काळसर चोचीची काही विटकरी डोकी होती. दोन्ही जाती आपापल्या रकान्यात गेल्या आणि त्या दिवशी माझ्या कागदावर 'ओळखता आली नाही' हा शेरा कुठेही नव्हता.